पदराच्या गाठीतले अवतरणचिन्ह

मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकतात तो नव्हे, मित्रांनो. छापखान्यात शिशाची जी अक्षरे असतात त्यांना खिळे म्हणतात, त्यांतला मी एक. पण मी अक्षरही नाही. कोणाचे बोलणे छापायचे असले की त्याच्या अगोदर वरच्या बाजूला दोन वाकडी शेपटे टांगलेली दिसतात. ते उघडणारे अवतरणचिन्ह म्हणजे मी. बोलणे संपले की तसेच मिटणारे चिन्ह येते. तो माझा जोडीदार.

तो आता माझ्याजवळ नाही. सोलापुरातल्या या छापखान्यात, खिळे ठेवायच्या लाकडी केसच्या, म्हणजे खणांच्या पेटीच्या, वरच्या कोपऱ्यातल्या एका घरात, मी एकटा पडून आहे. एकट्या अवतरणचिन्हाला काम नसते. उघडले तर मिटणार कोण? म्हणून मला कोणी हात लावत नाही, आणि म्हणूनच मला आज बोलायला सवड आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका फाउंड्रीत झाला. शिसे आणि कथील वितळवून साच्यात ओतत, तसे आम्ही दोघे एकामागून एक बाहेर पडलो. पुडीत बांधून आगगाडीने आम्हाला सोलापूरला आणले. त्या वेळी आम्ही इतके चकचकीत होतो की पुडी उघडणाऱ्याने आम्हाला उजेडात धरून पाहिले. तो या छापखान्याचा जुळारी. खिळे जुळवून मजकूर तयार करणारा. त्याचे नाव शिवपुत्र. घरात कानडी बोलणारा, कामावर मराठी बोलणारा, आणि खिळे जुळवताना कुठल्याच भाषेत न बोलणारा माणूस.

तोवर या छापखान्यात हस्तपत्रके, लग्नपत्रिका आणि मिलच्या नोटिसा छापत. मालक महिपतराव इंग्रजी शाळेत शिकलेले होते. त्यांनी नवे साप्ताहिक काढले आणि साप्ताहिकासाठी आम्हाला मागवले. आमच्यासारख्या जोड्या थोड्याच आल्या. महिपतरावांनी आम्हाला पाहून म्हटले, "आता आपलं पत्र मुंबईच्या पत्रासारखं दिसेल."

माझे पहिले दिवस कौतुकात गेले. पण मित्रांनो, मला लवकरच कळले की या भाषेला माझी फारशी गरज नव्हती. पोथ्यांत मी कुठेच नव्हतो. ज्याचे बोलणे त्याचे नाव आधी येई आणि "असे बोलला" म्हटले की काम भागे. ऐकीव गोष्ट असली तर शेवटी "म्हणे" लावत. "त्याच्या म्हशीला रेडकू झालं म्हणे." एवढा एक शब्द लागला की ऐकणारा सावध होतो. सांगणाऱ्याने ते पाहिलेले नाही, हे त्याला समजते. शिशाच्या दोन खिळ्यांचे काम हा एक शब्द फुकट करत असे.

महिपतराव मुंबईची इंग्रजी पत्रे समोर ठेवून बातम्या मराठीत उतरवत. उतरवताना इंग्रजी वाक्याची चालही मराठीत येई. एकदा त्यांनी लिहिले, "सोमवारी सार्वजनिक सभेने जागा घेतली." शिवपुत्राने ते जुळवले आणि मग टोपी मागे सारून विचारले, "साहेब, सभेनं कुणाची जागा घेतली? म्हणजे वाचणारा विचारंल की."

"सभा झाली, असा अर्थ," महिपतराव म्हणाले.

"मग झाली म्हणू की."

"अहो, पत्राची म्हणून एक भाषा असते."

शिवपुत्राने टोपी पुढे ओढली आणि पुढची ओळ घेतली. तो कधी वाद घालत नसे. पण मी केसमध्ये पडल्या पडल्या ऐकत होतो, आणि पत्राच्या त्या भाषेबद्दल माझ्या मनात तेव्हापासून शंका बसली. त्या भाषेत कोणी काही करत नसे. सगळे आपोआप "करण्यात येत" असे. "असे समजते." कोणाला समजते? "असे कळविण्यात येते." कोण कळवतो? वाक्यातून माणूस उठून गेलेला असे आणि त्याची रिकामी जागा तेवढी राही.

आणि त्या रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना आम्हा दोघांना उभे करत.

ते दिवसच तसे होते. शहरात लष्करी कायदा येऊन गेल्याला फार काळ झाला नव्हता. सरकार छापखान्यांकडून जामीन मागे. एखादा शब्द अंगावर आला तर यंत्राला कुलूप लागायचे. तेव्हा महिपतरावांना आमचा एक उपयोग सापडला. जे शब्द अंगावर घ्यायचे नसत ते आमच्या मध्ये घालायचे. "शांतता" राखण्यासाठी बंदोबस्त. गावातले काही "पुढारी". असे लिहिले की आपण बोललोही आणि बोललो नाहीही. माझ्याकडे पाठ करून उभा असलेला जोडीदार आणि मी, आमच्या मधल्या शब्दावर आमचाच विश्वास उरला नाही. जो शब्द आमच्यात येई त्याच्याकडे मी आधी संशयाने पाही. याला इथे का आणले? याने काय केले असेल?

शिवपुत्राची बायको गंगव्वा दुपारी भाकरी घेऊन येई. बरोबर त्यांची चार वर्षांची चिन्नी असे. गंगव्वाला अक्षर येत नव्हते. एकदा तिने आम्हा दोघांना तळहातावर घेतले आणि हसून म्हणाली, "हे बगा, मटकीला मोड आल्यावानी दिसतंय की." तेव्हापासून चिन्नी आम्हाला "मोड" म्हणे. शिवपुत्र जेवत असला की ती विचारी, "अप्पा, आज मोड कुटं लावलं?" आणि तो तिला ओल्या प्रुफावर आमची छाप दाखवी.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. गल्लीच्या विहिरीचे पाणी पार खालच्या पायऱ्यांवर गेले होते. त्या पायऱ्या एरवी पाण्यात असत, त्यामुळे त्यांच्यावर शेवाळ होते. एका सकाळी गंगव्वा घागर घेऊन उतरली आणि तिचा पाय घसरला. लोक दोर घेऊन येईपर्यंत सगळे संपले होते. विहिरीवर त्या वेळी शेजारची ईरम्मा एकटीच होती. ती कपडे धूत होती. तिने पाहिले ते नवऱ्याला सांगितले. तिचा नवरा सिद्धप्पा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम होता. तो महिपतरावांकडे आला. त्याने जे झाले ते सांगितले आणि जाताना हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्या मंडळीचं नाव तेवढं पेपरात नगं. बाईमाणसाचं नाव चारचौघांत बरं दिसत न्हाय."

यात वावगे असे कोणालाच वाटले नाही. चांगल्या घरच्या बाईचे नाव पत्रात येत नसे. गंगव्वाचेही येणार नव्हते.

शिवपुत्र कामावर परत आला त्या दिवशी महिपतरावांनी लिहिलेला त्या बातमीचा कागद जुळवणीसाठी पडला होता. दुसऱ्या जुळाऱ्याने तो उचलला, पण शिवपुत्राने हात पुढे केला. "हिकडं दे. माजं हाय ते." आणि त्याने एकेक खिळा लावत मजकूर जुळवला:

येथील जुळारी शिवपुत्र यांची पत्नी मंगळवारी सकाळी विहिरीत "पाय घसरून" पडल्याने मृत्यू पावली असे सांगण्यात येते. अधिक तपशील हाती येऊ शकलेला नाही.

त्याने मला उचलले, लावले. दोन शब्द लावले. मग माझ्या जोडीदाराला लावले. आम्हाला लावताना त्याच्या बोटांनी जरा जास्त वेळ घेतला. मला वाटते, मध्ये ठेवलेले ते दोन शब्द जपून ठेवले आहेत असे त्याला वाटले असावे. देवघरातली वस्तू जशी कापडात गुंडाळून ठेवतात तसे. आम्ही तिथे कशाला उभे होतो ते त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. महिपतरावांनी दुसऱ्याच कोणाला ते समजावून सांगितले होते: "आपण डोळ्यांनी पाहिलं नाही ना? मग ते चिन्हात घालायचं. इंग्रजी पत्रांत असंच असतं. जबाबदारी आपल्यावर येत नाही."

पण जबाबदारी कोणावर तरी जातेच, मित्रांनो. आपण झटकली की ती शेजारच्यावर पडते.

गंगव्वाचे माहेर अक्कलकोटचे. मातीला आलेली तिची आई काशम्मा जाताना चिन्नीला घेऊन गेली होती. घरात बाई नाही, चार दिवस पोर आजीकडे राहू दे, असे ठरले होते. शिवपुत्र आठवड्याने आणायला जाणार होता. त्याच्या आत तो अंक टपालाने अक्कलकोटला पोचला.

अक्कलकोटला गुरुबसप्पा म्हणून तेलाचे दुकानदार होते. बाजारपेठेत पत्र येई ते त्यांच्याच दुकानात. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर दहापाच माणसे जमत आणि गुरुबसप्पा मोठ्याने वाचत. वाचता येणारे थोडे, ऐकणारे फार. आता सांगा, मित्रांनो, मोठ्याने वाचताना माझे काय करायचे? मी दिसतो, पण माझा आवाज नाही. गुरुबसप्पा हुशार माणूस. हे चिन्ह ऐकीव गोष्टीला लावतात एवढे त्यांना समजले होते. म्हणून जिथे मी येई तिथे ते आपल्या पदरचे "म्हणे" घालत. कानडी ऐकणारे पुढे बसलेले असले तर कानडीत "अंत" म्हणत. ही त्यांची रीत साऱ्या पेठेच्या कानात बसलेली होती.

त्यांनी वाचले, "शिवपुत्र यांची पत्नी विहिरीत पाय घसरून म्हणे पडल्यानं मृत्यू पावली." आणि मग पुढे बसलेल्यांसाठी कानडीत, "काल जारि बिद्दळंत." पाय घसरून पडली म्हणे.

पायरीवरच्या एकाने विचारले, "म्हणे म्हंजे? पडली का ढकलली?"

"तपशील हाती आलेला न्हाय असं लिवलंय," गुरुबसप्पा म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. तसेच लिहिले होते.

हे सगळे मी पाहिलेले नाही. पुढे काशम्मा आमच्या छापखान्यात आली तेव्हा तिच्या तोंडून ऐकले. ती त्या वेळी तेल घ्यायला दुकानात उभी होती. भांडे तिथेच ठेवून ती घरी गेली आणि तिने चिन्नीला जवळ ओढून दाराला कडी घातली.

शिवपुत्र मुलीला आणायला गेला तो एकटाच परत आला. त्याने कोणाला काही सांगितले नाही. पण छापखान्यात गोष्टी लपत नाहीत. महिपतरावांना कळले तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटले. "काळजी करू नका. खुलासा छापतो," ते म्हणाले. आणि त्यांनी छापला:

गेल्या अंकातील वृत्तासंबंधी काही गैरसमज पसरविले जात असल्याचे आमच्या निदर्शनास आणण्यात आले आहे. सदर मृत्यूत "संशयास्पद" असे काही नव्हते असे जाहीर करण्यात येत आहे.

पुन्हा आम्ही दोघे. आणि आमच्या मध्ये आता नको तो शब्द. मला तेव्हाच कळले होते काय होणार. अक्कलकोटात गुरुबसप्पांनी वाचले, "संशयास्पद म्हणे असं काही नव्हतं." पेठेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. ज्यांनी पहिली बातमी ऐकलीच नव्हती त्यांनीही आता विचारायला सुरुवात केली. इकडे सोलापुरात हौदावर बायका शिवपुत्राला पाहून गप्प होऊ लागल्या.

"साहेब," तो महिपतरावांना म्हणाला, "आदी तिकडंच बोलत हुते. आता गल्लीतबी बोलत्यात."

महिपतरावांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "शिवपुत्र, मी चांगल्यासाठीच केलं."

"ते ठावं हाय मला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघांना कागदात गुंडाळून बंडीच्या खिशात टाकले आणि गाडी धरली. होटगीला गाडी थांबली तेव्हा त्याने खिशावर हात ठेवून पाहिला. तसा तो पुढे दर थांब्यावर ठेवी. अक्कलकोटात सासूच्या दारात त्याने आम्हाला तळहातावर काढले. सासूला तो अत्ती म्हणे.

"अत्ती, हे बगा. हे दोन शिश्याचं तुकडं हायत. ह्यांच्यामुळं गुरुबसप्पांनी म्हणे म्हटलं. ह्यात दुसरं काय बी न्हाय."

काशम्मा दारातच उभी होती. तिने आम्हाला हातात घेतले नाही. मागून चिन्नी आली, आमच्याकडे बघून म्हणाली, "अप्पा, मोड." काशम्माने तिला मागे सारले.

"शिसं बोलतंय व्हय, जावईबापू?" ती म्हणाली.

"न्हाय."

"मग कुणी तरी बोललं असंल. पाय घसरला म्हणून कोण बोललं? नाव सांगा."

"ईरम्मा. शेजारची."

"तिचं नाव पेपरात का न्हाय?"

"सिद्धप्पानं नगं म्हटलं. बाईमाणसाचं..."

"हं." तिने दाराची कडी हातात धरून ठेवली होती. तिच्या आवाजात राग होता, पण मी तिच्या इतक्या जवळ होतो की मला तिची भीतीही ऐकू आली. पोटची पोर गेली, आता नात कोणाच्या हाती देते आहोत हेच तिला कळत नव्हते. "तुमी शेजारणीला हितं आणाल, ती माज्या दारात उभी राहून तुमी सांगाल तसं बोलंल. मला ते नगं. गावापुढं वाचलंय, गावापुढंच फिरलं पायजे. तिनं खरंच बगितलं असंल तर नाव लावून पेपरात सांगू दे. बाईमाणूस खोट्यासाठी आपलं नाव चव्हाट्यावर टांगत न्हाय. तवर पोरगी हितंच."

तिने दार लावले. आतून चिन्नीचे रडणे ऐकू येत होते. शिवपुत्राने आम्हाला पुन्हा कागदात गुंडाळले.

सिद्धप्पाला त्याने विचारले, पण सिद्धप्पाने मान हलवली. तो मुद्दाम छापखान्यात येऊन सांगून गेला, "अण्णा, दुसरं काय बी माग. मिलमधी सगळं खातं पेपर वाचतंय. उद्या माज्या बायकूचं नाव धरून मला हाका मारतील. सात पिढ्यांत कुणाच्या बायकूचं नाव छापलं न्हाय आमच्यात. लग्नपत्रिकेतबी न्हाय."

शिवपुत्राने त्याला दोष दिला नाही. त्याने फक्त आम्हाला आमच्या घरात परत टाकले आणि दिवसभर मिलच्या नोटिसा जुळवल्या. त्या दिवशी त्याच्या जुळणीत चुका निघाल्या. तशा कधी निघत नसत.

पुढच्या सोमवारी दुपारी छापखान्याच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात रिकामी पिशवी, बाजाराला निघाल्यासारखी. ती ईरम्मा होती. सिद्धप्पा त्या वेळी पाळीवर होता.

"लिवून घेता का?" ती महिपतरावांना म्हणाली.

महिपतराव उठून उभे राहिले. "बाई, तुमच्या मालकांना विचारलंत?"

"त्यांनी न्हाय म्हटलं ते त्यांनी म्हटलं. बगितलं मी. ते मिलमधी हुते." मग ती शिवपुत्राकडे वळली. "अण्णा, येक सांगितलं न्हवतं मी कुणाला. तिचा हात मी धरला हुता. ओला हुता. निसटला." हातातल्या पिशवीची तिने घडी घातली. "मला रोज वाटतंय, घट धरला असता तर. म्हणून बोलत न्हवते. पर आता लोक तुमालाच धरायला लागले."

शिवपुत्राच्या हातात जुळणीची पट्टी होती. ती त्याने केसवर ठेवली.

"माजं नाव लिवा," ईरम्मा म्हणाली. "आन तिचंबी लिवा. मेली ती कोण, जुळाऱ्याची पत्नी? तिला नाव न्हवतं व्हय?"

महिपतरावांनी कागद ओढला आणि सवयीने लिहायला लागले, "सदर स्त्रीकडून असे निवेदन करण्यात आले की..." इथे लेखणी थांबली. त्यांनी ओळ वाचली, खोडली आणि म्हणाले, "ईरम्मा, तुम्ही बोललात तसंच पुन्हा सांगा. तुमच्या भाषेत. मी तेच लिहितो."

कागद शिवपुत्राने जुळवला. आम्हाला लावताना त्याने आमचे तोंड कापडाने पुसले. अंकात आले ते असे:

शिवपुत्र यांची पत्नी गंगव्वा हिचा पाय विहिरीच्या खालच्या पायरीवर घसरला. शेजारच्या ईरम्मा सिद्धप्पा तिथे कपडे धूत होत्या. ईरम्मा म्हणाल्या, "काल जारितु. ना नोडेनि. पाय घसरला, मी बघितला. मी तिचा हात धरला. ओला होता, निसटला."

मित्रांनो, इतकी वर्षे मी शब्दांपुढे उभा राहिलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्यामागच्या शब्दांचा संशय आला नाही. कारण माझ्या आधी एका बाईचे नाव उभे होते.

मिलमध्ये व्हायचे ते झाले. सिद्धप्पाला सगळे "ईरम्माचे धनी" म्हणून हाका मारू लागले. तो आठवडाभर घरात बोलला नाही. मग एका संध्याकाळी छापखान्यात आला आणि दुसरीकडे पाहत म्हणाला, "तो अंक शिल्लक असंल तर येक द्या. घरी आईला वाचून दावायचा हाय."

काशम्मा आली ती बाजारच्या दिवशी. हाताला धरून चिन्नी. परगावची बाई छापखान्यात कशाला आली म्हणून यंत्र चालवणाऱ्याने यंत्र थांबवले. ती कोणालाही नमस्कार न करता सरळ शिवपुत्राच्या केसपाशी आली. गुरुबसप्पांनी आधीच्या बातम्या कशा वाचल्या तेही तिने तेव्हाच सांगितले.

"आणि परवाच्याला," ती म्हणाली, "वाचता वाचता त्या जागेवर आले. आमी सगळे म्हणेची वाट बगत हुतो. तर म्हणाले, 'ईरम्मा म्हणाल्या.' मग पुढं कानडीत वाचलं, बाई बोलंल तसं. म्हणे बोलायला जागाच न्हवती. तेलाचं गिऱ्हाईकसुद्धा उभं राहिलं." तिने डोळ्यांना पदर लावला. "ओला हात निसटला म्हणाली. गंगीचा हात लहानपणापासून तसाच. घाम यायचा तळव्याला."

चिन्नीने शिवपुत्राचे बोट धरले.

"पोरगी आणलीय," काशम्मा म्हणाली. "पर माजा जीव लगीच धीर धरत न्हाय. खोटं कशाला बोलू? अजून रात्री वाटतंय, पोर सुखात असंल का. ते मोड कुटं हायत?"

शिवपुत्राने आम्हा दोघांना काढून दिले. ती आम्हाला उलटेसुलटे करून पाहत राहिली. मग माझ्या जोडीदाराला उचलले, मला परत शिवपुत्राच्या हातावर ठेवले, आणि जोडीदाराला पदराच्या टोकात घालून घट्ट गाठ मारली.

"अहो बाई, ते छापखान्याचं आहे," महिपतराव म्हणाले. "एक नेलंत तर दुसरं फुकट जाईल."

"जाऊ दे फुकट," काशम्मा म्हणाली. मग चिन्नीला जावयाकडे सारून, "तुमचं येक माज्याकडं, माजं येक तुमच्याकडं. दर जत्रंला पोरीला घेऊन या. बगू कोण नीट सांबाळतंय."

महिपतरावांनी ते जाऊ दिले. बाकीच्या जोड्या तोवर झिजल्या होत्या. त्यानंतर त्यांनी नव्या मागवल्या, पण वापरताना ते आधी विचारत, "हे कोण म्हणालं?" उत्तर मिळाले नाही तर चिन्ह लावत नसत, वाक्यच काढून टाकत. नेहमी नाही. घाईच्या दिवशी अजूनही "असे समजते" छापले जाते, आणि मी कोपऱ्यातून पाहतो.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मी काळा पडलो आहे. माझे एक शेपूट झिजले आहे. केव्हा तरी मला जुन्या खिळ्यांबरोबर पुन्हा वितळवतील. त्याची मला खंत नाही. मात्र मित्रांनो, माझ्यासारखी चिन्हे तुमच्या हाती येतील तेव्हा एवढे करा. दुसऱ्याचे शब्द घ्याल तर त्याचे नावही घ्या. नाव सांगायची लाज वाटत असेल तर ते शब्द छापू नका. शब्दाला धनी नसला की त्याच्या जागी संशय राहायला येतो, आणि तो कोणाच्या घरात शिरेल ते सांगता येत नाही.

चिन्नी आता शाळेत जाते. सुट्टीच्या दिवशी बापाची भाकरी घेऊन येते आणि मला हातावर घेते. काशम्मा अजून पदराला ती गाठ बाळगते म्हणे. लुगडे बदलले की गाठ नव्या लुगड्याला बांधते, आणि चिन्नी अक्कलकोटला गेली की गाठ सोडून तिला दाखवते, मग पुन्हा बांधते. माझा जोडीदार तिथे आहे, आणि अजून चकचकीत आहे.

हे मी पाहिलेले नाही. चिन्नी म्हणाली.